लाल चावीवरचा हात

मित्रांनो, लाल चावीचा एक जुना स्विच आहे मी. काळा गोल देह, पाठीला पितळेचे दोन जाड बोल्ट आणि पुढे बोटभर लांबीची लाल चावी, एवढाच माझा संसार. चावी पाव फेरा फिरवली की वीज सुरू, उलटी फिरवली की बंद. दिसायला मी काही देखणा नाही. पण आयुष्यात मला माणसं फार चांगली मिळाली, म्हणून त्यांची गोष्ट तुम्हाला सांगावीशी वाटते.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवतं ते ॲडलेडमधलं मोटारींच्या सुट्या भागांचं दुकान. तिथे मी एका खुंटीवर वर्षभर लटकलो होतो. एक दिवस लायल नॉस्के नावाचा लांबोडका माणूस आला आणि माझी चावी कट्‌कट्‌ करत फिरवत बसला. दुकानदार शेवटी वैतागून म्हणाला, "बाबा रे, आधी विकत घे, मग घरी जाऊन काय खेळायचं ते खेळ!" लायलने मला विकत घेतलं आणि मरे नदीकाठच्या त्याच्या गावी नेलं. तिथे त्याची संत्र्यांची बाग होती आणि बागेमागच्या शेडमध्ये शर्यतीची एक मोटार होती.

ती मोटार त्याची बायको ग्लेनिस चालवायची. लायल तिचा मिस्त्री. गावात नवीन आलेली माणसं हमखास उलटं समजायची आणि लायललाच विचारायची, "काय, या शनिवारी कितवा नंबर?" त्यावर ग्लेनिस म्हणायची, "त्याला नका विचारू. तो गाडी मागे घेताना लिंबाचं झाड पाडतो." लायल यावर नुसता हसायचा, कारण झाड त्याने खरंच पाडलं होतं.

शर्यतीच्या गाडीत माझ्यासारखा स्विच लावावाच लागतो. तो अशा जागी लावतात, की आत बसलेल्याचा हात पोचला पाहिजे आणि बाहेरून धावत येणाऱ्याचाही. गाडी उलटली, पेट्रोल सांडलं, तर एक ठिणगी पुरते. म्हणून लायलने मला पुढच्या काचेखाली बसवलं आणि शेजारी निळ्या त्रिकोणात लाल विजेचं चित्र चिकटवलं. म्हणजे परक्या माणसालाही कळावं, की हात घालायचा तो इथे. सगळ्या गाडीची वीज माझ्या छातीतून जायची. खोटं कशाला बोलू, मला त्याचा थोडा गर्वही होता.

अकरा वर्षं आम्ही तिघांनी गावाबाहेरचा मातीचा ट्रॅक गाजवला. शनिवारी संध्याकाळी शर्यत आणि रविवारी सकाळी माझी आंघोळ. लायल जुन्या टूथब्रशने माझ्या खाचांतली लाल माती काढायचा, बोल्ट आवळून बघायचा आणि चावीच्या मुळाशी तेलाचा थेंब सोडायचा. ग्लेनिसला चषक मिळाला की लोक तिची पाठ थोपटायचे. लायल मात्र हळूच माझ्यावरून अंगठा फिरवायचा. तेवढ्याने मी खूश.

बाराव्या वर्षी, हंगामातली शेवटून दुसरी शर्यत होती. वळणावर दुसऱ्या गाडीचं चाक आमच्या चाकावर चढलं. आम्ही तीन कोलांट्या खाऊन छपरावर पडलो. माझ्यापासून वीतभर अंतरावर पेट्रोल ठिबकत होतं. ट्रॅकवरची मदतीची माणसं निघायच्या आधीच लायलने कुंपणावरून उडी टाकली होती. त्याने माझी चावी फिरवली, गाडी गप्प झाली, आणि मग तो खिडकीशी गुडघे टेकून एकच वाक्य म्हणत राहिला, "बाहेर ये ग्लेन. आधी बाहेर ये." पण ग्लेनिसला बाहेर येता येत नव्हतं. तिच्या कमरेचं हाड मोडलं होतं.

मदतीच्या माणसांबरोबर लायलने तिला बाहेर काढलं आणि ती वाचली. चार महिने अंथरुणात होती, मग काठीवर आली. पण नीट वाकणं आणि उकिडवं बसणं तिच्या नशिबातून गेलं ते गेलंच. डॉक्टरांनी शर्यत बंद केली. लायलने गाडी विकून टाकली आणि त्या संध्याकाळबद्दल घरात कुणी काही बोलेनासं झालं. गाडी देण्याआधी त्याने मला तेवढं सोडवून घेतलं आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकलं. कशासाठी, ते त्यालाही सांगता आलं नसतं. चार वर्षं मी त्या डब्यात गंजक्या खिळ्यांच्या संगतीत काढली. मी रागावलो नाही, असं म्हणणार नाही. रागावलो होतो. आग लागू दिली नाही म्हणून मला डब्यात टाकलं का, असं वाटायचं.

मग त्यांची मुलगी केरिन ॲडलेडहून एक अजब वस्तू घेऊन आली. लोखंडी सांगाडा, त्यावर शर्यतीची सीट, स्टिअरिंग, पेडल, समोर तीन मोठे पडदे आणि एक कॉम्प्युटर. सगळं होतं, फक्त गाडी नव्हती. याला ते 'रिग' म्हणतात. घरात बसायचं, इंटरनेटवरून जोडून घ्यायचं आणि होबार्टच्या, डार्विनच्या, कुठल्याकुठल्या लोकांशी शर्यत लावायची. लायल म्हणाला, "आई आता चित्रातली गाडी चालवणार?" केरिन म्हणाली, "बाबा, निदान चित्रातली तरी चालवू दे."

ग्लेनिस सीटवर बसली आणि पहिल्याच दिवशी तिचा चेहरा दहा वर्षांनी लहान झाला. अडचण वेगळीच निघाली. रिगची पाच बटणं टेबलाखाली, भिंतीच्या कडेला, जमिनीपासून हातभर उंचीवर. ग्लेनिसला वाकता येत नाही. चालू ठेवून द्यावं, तर पडदे आणि स्टिअरिंगची मोटर रात्रंदिवस वीज खात बसतात. आणि झोपण्यापूर्वी घरातलं प्रत्येक बटण भिंतीवर बंद केल्याशिवाय लायलला झोप येत नाही. म्हणजे दर वेळी लायलने टेबलाखाली रांगायचं. त्याची कुरकुर नव्हती, पण ग्लेनिसला त्याला हाक मारायची लाज वाटायची. ती "आज नको, कंटाळा आलाय" म्हणू लागली. ताकाला जाऊन भांडं लपवणं ते हेच. लायलला ते कळत होतं.

एका सकाळी बिस्किटांचा डबा उघडला. इतका उजेड मला सोसेना. लायलने मला रॉकेलमध्ये बुडवून घासलं आणि शेजारच्या मनोलीला, म्हणजे गावच्या वायरमनला, बोलावलं.

"ही चावी मधे लाव आणि रिगची सगळी वीज हिच्यावर घे," लायल म्हणाला.

मनोलीने कपाळावर हात मारला. "लेका, हा बॅटरीवरचा स्विच. घरातल्या विजेला लावलास, तर रिग राहील बाजूला आणि तुझ्या अंत्यविधीला मला सूट शिवावा लागेल!"

मग मनोलीने भिंतीवर एक पत्र्याची पेटी बसवली. मोठी वीज त्या पेटीतून जाते. मी फक्त बारीक तारेतून पेटीला सांगतो, आता सोड, आता थांब. एके काळी अख्ख्या गाडीची वीज पेलणारा मी, आता निरोप्या झालो. मला थोडं लागलं मनाला. पण डब्यातल्या खिळ्यांपेक्षा निरोप पोचवणं केव्हाही बरं.

लायलने मला सांगाड्याच्या बाहेरच्या अंगाला बसवलं. ग्लेनिसने हात लांबवला तर तिला पोचावं आणि शेजारी उभं राहणाऱ्यालाही पोचावं, अशा जागी. त्याने निळा त्रिकोणसुद्धा नवा आणून चिकटवला. मनोली हसला, "दिवाणखान्यात कोण येणार आहे रे धावत?" लायल त्रिकोणाचे कोपरे अंगठ्याने दाबत राहिला.

मनोलीने जाताना दोघांना बजावलं होतं. चावी फिरवली की स्टिअरिंग आपोआप डावीउजवीकडे फिरून मध्य शोधतं, तेव्हा हात लांब ठेवायचा. आणि बंद करताना आधी कॉम्प्युटर नीट झोपवायचा, मग चावी. चालत्या कॉम्प्युटरची वीज तोडायची नाही. ग्लेनिसने ते तंतोतंत पाळलं.

पण एक गोष्ट तिला खुपत होती आणि ती मलाही दिसत होती. ग्लेनिसचा हात पोचत असला तरी लायलच यायचा, माझी चावी फिरवायचा आणि शर्यत सुरू व्हायच्या आत बागेत निघून जायचा. शर्यत संपली की परत यायचा. त्याने पडद्याकडे एकदाही बघितलं नाही. अकरा वर्षं जो माणूस तिच्या गाडीशी कान लावून उभा राहिला, तो आता संत्र्यांना विचारत फिरायचा, की पाणी पुरलं का. ग्लेनिसला जिंकायला आवडायचं, पण तिला तिचा मिस्त्री परत हवा होता. तसं ती मनोलीला एकदा म्हणालीही होती, "चषक काय, कपाटात चौदा आहेत. पण हा मात्र उभा राहत नाही माझ्या शेजारी."

रविवारच्या लीगची, म्हणजे साखळी शर्यतींची, शेवटची शर्यत दुपारी होती. ग्लेनिस गुणांमध्ये दुसरी होती. चार फेऱ्या उरल्या असताना मागच्या गाडीने धक्का दिला आणि पडद्यावरची तिची गाडी उलटली. खेळात त्याने काही बिघडत नाही. एक बटण दाबलं की गाडी सरळ होऊन परत येते. ती ते बटण दाबणारच होती. पण नेमका त्याच क्षणी लायल चहा घेऊन दारात आला.

त्याने तीन पडद्यांवर उलटं जग बघितलं. कप कुठे पडला ते त्याला कळलं नाही. दोन ढांगांत तो माझ्यापाशी पोचला आणि त्याने चावी फिरवली. पडदे काळे.

"लायल! अरे, काय केलंस हे?"

"बाहेर ये," तो म्हणाला. "आधी बाहेर ये ग्लेन."

ग्लेनिस शिव्या देणार होती, पण हे शब्द तिने उलट्या गाडीत ऐकले होते. लायलच्या हातात माझी चावी होती आणि तो हात लटलटत होता. थोड्या वेळाने तो भानावर आला, त्याने जमिनीवरचा चहा बघितला आणि तो खाली बसला. "मला नाही जमत हे," तो म्हणाला. "मी तिकडे बागेत असतो, तरी मला तू उलटीच दिसतेस. विकून टाकू हे. तुझ्या पाया पडतो."

मित्रांनो, दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकसुद्धा फुंकून पितो. पण ते पोळलेलं तोंड त्याने चार वर्षं कुणाला दाखवलं नव्हतं. त्या दिवशी मला आगीइतकंच भय वाटलं. रिग गेला तर ग्लेनिस पुन्हा खिडकीशी बसून राहणार होती. आणि राहिला तर लायल रोज थोडाथोडा मरणार होता.

वीज अशी तोडल्यामुळे कॉम्प्युटर रुसून बसला. मनोलीला दोन दिवस लागले. "शंभरदा सांगितलं होतं, आधी झोपवायचा, मग चावी!" असं तो ओरडला, पण लायलचं तोंड बघितल्यावर जाताना त्याच्या पाठीवर थाप मारून गेला.

पुढच्या रविवारी ग्लेनिसने स्वयंपाकघरातलं स्टूल ओढून माझ्याशेजारी ठेवलं. "बस," ती लायलला म्हणाली. "आज शर्यत नाही. मी एकटीच आहे ट्रॅकवर. हात चावीवर ठेव. तुला वाटलं की मला काही झालंय, तर खुशाल फिरव. मी एक शब्द बोलणार नाही. पण पडद्याकडे बघायचं नाही. माझ्याकडे बघायचं."

लायल बसला. त्याचा घामेजलेला तळवा माझ्यावर आला. ग्लेनिसने गाडी काढली, वेग घेतला आणि पहिल्याच वळणावर मुद्दाम भिंतीवर घातली. गाडी कोलांट्या खाऊ लागली. लायलची बोटं आवळली. चावी केसभर फिरलीसुद्धा. आणखी जरा फिरली असती तर मी काहीच करू शकलो नसतो. स्विचला स्वतःचं मन चालवता येत नाही.

"माझ्याकडे बघ म्हटलं ना, म्हाताऱ्या!"

त्याने बघितलं. ग्लेनिस गालात सुकं जर्दाळू धरून चघळत होती. "दिसतेय का मी उलटी?"

"नाही."

"दुखतंय का मला?"

"कमरेत दुखत असेल. काल तू कपडे वाळत घातलेस, नको म्हणत असताना."

"ते वेगळं," ती म्हणाली आणि गाडी पुन्हा उलटवली. मग पुन्हा. दर वेळी ती बटण दाबायची, गाडी सरळ व्हायची, ती त्याला एक जर्दाळू द्यायची. चौथ्या वेळी लायल रडला. चांगला हुंदके देऊन रडला, आणि ती गाडी थांबवून त्याचं डोकं कुरवाळत राहिली. "मी बाहेर आले होते रे," ती म्हणाली. "तू काढलंस मला. पण तूच आत राहिलास." मग तिने परत गाडी सुरू केली.

सातव्या की आठव्या वेळी लायलची नजर तिच्या चेहऱ्यावरून घसरून पडद्याकडे गेली. तो थोडा वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "मागची चाकं घसरतायत तुझी. हवा जास्त आहे."

"मग सांग ना किती कमी करू!"

"तिथे, ते काय लिहिलंय तिथे," म्हणत तो उठला आणि बोट दाखवायला पुढे वाकला. माझ्यावरचा हात त्याने कधी उचलला, ते त्याला कळलंही नाही.

मित्रांनो, त्या अपघातात मी वीज तोडली, आग लागू दिली नाही, याचा मला अभिमान होता. पण तो हात निघाला तेव्हा मला जितकं बरं वाटलं, तितकं आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

आता माझी एवढीच विनवणी ऐका. काम झालं की वीज बंद करत जा, पण घाईने नको, रीतीने. आमची धूळ पुसा, ढिले बोल्ट आवळा. धोक्याचं बटण दुसऱ्याच्याही हाताला येईल अशा जागी लावा. आणि घरात कुणाचा हात त्या बटणावर थरथरत असेल, तर त्याला हसू नका. स्टूल ओढा, त्याला शेजारी बसवा, आणि त्याला तुमच्याकडे बघू द्या.