डोळ्याच्या कोपऱ्यातला फोड

सोजराबाईच्या उजव्या डोळ्याच्या कोपऱ्यात, नाकाला लागून, मसुरीच्या डाळीएवढा फोड होता. चिखलीच्या दवाखान्यात तो एकदा कापून काढला, जखम भरली, आणि वर्षभरात त्याच जागी पुन्हा उगवला. उंद्रीच्या मळ्यात वांगी तोडताना त्यातून रक्त यायला लागलं ते थांबेना, तेव्हा नवरा निवृत्ती तिला थेट नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन आला.

डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाहिलं. "हा कातडीचा कॅन्सर आहे. पाठीवर असता तर भोवतालचं चांगलं मांस घेऊन एकदाच कापला असता. इथं तेवढी जागा नाही. आणि परत आलाय, म्हणजे आत मुळं राहिलीत. म्हणून थोडंच कापायचं, त्या तुकड्याच्या सगळ्या कडा सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या, आणि रोग दिसेल तिथंच पुन्हा कापायचं."

"अन् मुळं डोयात गेली असन तं?" सोजराबाईनं विचारलं.

"ते कापल्यावरच कळेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

जागा बधिर केली होती, पण कात्रीची कचकच तिला ऐकू येत होती. तुकडा शेजारच्या खोलीत तपासायला गेला. उघड्या जखमेवर नुसती पट्टी ठेवून ती बाहेर बाकावर निवृत्तीजवळ बसली.

बऱ्याच वेळानं डॉक्टरीणबाई आल्या. "नाकाकडची कड साफ आहे. डोळ्याकडे अजून आहे."

सोजराबाई ताडकन उठली. "चाला घरी! डोया काढतीन ह्या!"

ती जिन्यापर्यंत गेली. निवृत्तीनं तिचा हात धरला. "मले भी भेव लागून राह्यला," तो म्हणाला. "पण हे असंच घेऊन घरी जाऊन काय करू आपण?"

ती डॉक्टरीणबाईंकडे वळली. "बाई, डोया राहीन काय?"

"आता थांबलात तर आज ना उद्या जाईल. कापलं तर वाचेल असं वाटतं. शब्द देत नाही."

ती परत आडवी झाली. या खेपेला तिनं टेबलाची कड इतकी घट्ट धरली की नर्सला बोटं सोडवावी लागली. मग पुन्हा बाक, पुन्हा ते बंद दार.

कडा साफ निघाल्या. तरी पट्टी सुटेपर्यंत तिचा विश्वास बसला नाही. डावा डोळा तळहातानं झाकून तिनं उजव्यानं निवृत्तीकडे पाहिलं. वाढलेली दाढी, तारवटलेले डोळे, सगळं दिसलं.

डोळ्यातलं पाणी नाकात वाहून जायची वाट कापण्यात गेली, म्हणून तो डोळा आता सारखा गळतो. मळ्यात बाया विचारतात, "काऊन रडून राह्यली वं?" ती पदरानं पुसते आणि हसते. पण रोज उठल्याबरोबर तिचं बोट आधी त्या कोपऱ्याकडे जातं, आणि कातडी गुळगुळीत लागेपर्यंत तिचा श्वास अडकलेलाच असतो.