ठाऊक उत्तराचं गणित

जगातली विमानं हवेत टिकून आहेत ती धम्मानंद सोनकांबळ्यांसारख्या माणसांच्या गणितावर. गुरुवारी मात्र नांदेडच्या भाड्याच्या घरात दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली आलं, तरी त्यांना पत्ता नव्हता. एक डोळा कॉम्प्युटरवर, कानाला फोन. फोनवर बायको.

"बदलीचे अर्ज निघालेत. नांदेडला एक जागा हाय. भरू का?"

बुद्धप्रिया नऊ वर्षांपासून लातूरच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती. धम्मानंद दर शनिवारी एस.टी.नं तिच्याकडे जात, रविवारी परतत.

"थांब जरा. एक चूक शोधून राहिलो."

विमानाभोवतीच्या हवेचं गणित करायचं तर त्या जागेचे शंकरपाळ्यांसारखे लाखो तुकडे पाडावे लागतात. तुकडे कंपनीचा प्रोग्रॅम पाडी. तो खरं बोलतो का, हे धम्मानंद घरी बसून तपासत. पद्धत साधी. आधी उत्तर ठरवायचं, मग त्याला साजेसं गणित रचून प्रोग्रॅमला घालायचं. तेच उत्तर आलं की झालं. पंचवीस वर्षांत सवय अशी जडली, की बायकोलाही ते उत्तर ठाऊक असलेलेच प्रश्न विचारत. जेवलीस का. ड्यूटी दिवसाची का.

"तुम्हाला काय वाटतं ते सांगा की," ती म्हणाली. "माझ्या मनानं भरला तर म्हणाल, मी कुठं बोलावलं होतं."

"विचार करून सांगतो."

"करा. लई घाई न्हाई."

प्रोग्रॅमचं उत्तर सहाव्या दशांश स्थळाला चुकत होतं. त्या शनिवारी धम्मानंद लातूरला गेले नाहीत. सोमवारी रात्री चूक सापडली: एका ओळीत अधिकच्या जागी वजा. त्यांनी कंपनीला कळवलं, आणि मंगळवारी दाढी करून सकाळची लातूर गाडी धरली. लोहा गावाच्या पुढे फोनवर कंपनीचं उत्तर आलं. आभारी आहोत, प्रोग्रॅमचा तो भाग सहा वर्षांत कोणी वापरलेला नाही.

बुद्धप्रियानं दार उघडलं.

"आज मंगळवार हाय," ती म्हणाली.

"हाव." चपला काढता काढता त्यांनी उत्तर ठाऊक नसलेला प्रश्न विचारला. "नांदेडला येतीस का, राहायला?"

 ती आत जाऊन पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"आले असते की."

अर्जाची मुदत सोमवारी पाच वाजता संपली होती.