लाल वायर मायनसला

रविवारी दुपारी नवरा कुणाचा तरी पंखा दुरुस्त करायला बाहेर पडला, की ती न्हाणीघराची कडी आतून लावायची. हनुवटीवरच्या केसांचं गुपित तिनं अकरा वर्षं सांभाळलं होतं. लग्नाआधी ताईनं बजावलंच होतं, "जगाला कळलं तरी चालेल, नवऱ्याला कळता कामा नये. मनातून उतरशील." तेव्हापासून रोज पहाटे पाचच्या गजराला उठून चिमट्यानं केस उपटणं आलं, आणि तो जागा व्हायच्या आत साळसूदपणे चहा टाकणं आलं.

चिमट्याचं काय, आज उपटले की चार दिवसांनी पुन्हा हजर! म्हणून तिनं गुपचूप पार्सलनं यंत्र मागवलं. साबणाच्या डबीएवढा डबा, आत बॅटरी, बाहेर दोन वायरी. एकीला बारीक सुई, दुसरीला धातूची कांडी. कांडी ओल्या मुठीत धरायची, सुई केसाच्या मुळाशी सरकवायची आणि मिनिटभर करंट द्यायचा. लोण्यातून निघावा तसा केस बाहेर, आणि मूळच मेल्यावर परत येतोय कशाला!

आता हे काही येरागबाळ्याचं काम नव्हे. पण बाईचा हात कसला! दवाखान्यात रक्त काढायची नोकरी. रडक्या पोराची शीरसुद्धा तिला पहिल्या टोचणीत सापडायची. तीन रविवारांत डावी बाजू साफ झाली.

चौथ्या रविवारी उजवी बाजू घेतली. सुई जरा जास्तच चावली. केसही सुटेना, ओढावा लागला. आज कातडीच चिवट झालीय, असं म्हणत तिनं एक नाही, दोन नाही, सहा केस उरकले. मग तोंड धुऊन आरशात पाहिलं आणि तिच्या पायाखालची जमीनच सरकली. हनुवटीवर सहा काळेकुट्ट ठिपके! साबण लावला, टॉवेलनं खसाखसा घासलं. ठिपके ढिम्म, गोंदल्यासारखे. अगं बाई, यापेक्षा केस परवडले असते!

तिनं दवाखान्यातल्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"सुई प्लसला आहे की मायनसला?"

"मला काय ठाऊक? आली तशीच वापरतेय."

"मायनसलाच हवी. प्लसला लागली, की सुईचं लोखंड कातडीत उतरतं. वायरी उलट्या लागल्यात तुझ्या. डाग जातील हळूहळू, नाहीतर राहतीलही. आधी ते यंत्र बंद कर."

तीन रविवार सुलटं चाललं आणि आजच उलटं कसं? तिनं डबा उघडला. सुईची लाल वायर प्लसला होती. जोड नवाकोरा, चकचकीत. त्यावर काळी टेप, कडा कात्रीनं सरळ कापलेली. अशी टेप या घरात एकच माणूस लावायचा.

तासाभरानं तो आला. एका हातानं हनुवटी झाकून तिनं डबा त्याच्यापुढे धरला. "अहो, याला हात कुणी लावला?"

तो ओशाळला. "अगं, लाल वायर मायनसला होती! लाल नेहमी प्लसला असते. कुणा गाढवानं जोडलीय, उद्या तुला काही झालं म्हणजे? म्हणून गुरुवारी तू कामावर गेल्यावर नीट करून ठेवली."

"पण हे कशाचं आहे ते..."

"केसांचं. माहीत आहे की."

"तुम्हाला... कधीपासून?"

"लग्नाच्या चौथ्या दिवसापासून. तुझ्या गजरानं मलाही जाग येते ना. तू बाहेर येईपर्यंत डोळे मिटून पडतो झालं." बोलता बोलता त्याला तिच्या बोटांमधून ठिपके दिसले. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "हे माझ्यामुळं?"

कुठला धक्का मोठा, तेच तिला कळेना. अकरा वर्षं पहाटेची झोप घालवली आणि हा बाबा शेजारी टक्क जागा! तिला रागही आला, रडूही आलं.

"अहो, एकदा तरी बोलायचंत!"

"तू इतकं जिवापाड लपवत होतीस. कुठल्या तोंडानं बोलू?"

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला गजर झाला. तिनं तो बंद केला, पण ती उठली नाही.

"डोळे मिटलेत का?" तिनं अंधारात विचारलं.

"नाही, उघडे आहेत."

मग तिनं दिवा लावला आणि त्याच्याकडे तोंड केलं.