अंबाजींच्या गालावरची हळद

लोणावळ्यात फोटो काढून पोट भरायचं तर दहा सोंगं घ्यावी लागतात. आज खंडाळ्याच्या बंगल्याचे फोटो, उद्या पवनानगरच्या तंबूंचे, परवा लग्न. चैतालीचं या धंद्यातलं हे बारावं वर्ष, आणि फोटो सुधारताना कुठल्या कामाला कॉम्प्युटरवरचा कुठला प्रोग्रॅम, यावर तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती. लग्नाच्या दोन हजार फोटोंना लाइटरूम. एकाचा रंग बसवला की बाकीच्यांना तोच लावायचा आणि मोकळं व्हायचं. बंगल्यांनाही तोच, वाकड्या भिंती सरळ होतात आणि पोहण्याच्या तलावाचं पाणी मालकाला हवं तेवढं निळं. पण एकाच चेहऱ्यावर ठाण मांडून बसायचं असेल, तर फोटोशॉप. पिठाची चाळण वेगळी, रव्याची वेगळी, असं ती सांगायची. कुणी मोबाईलमधल्या ॲपचं नाव काढलं की तिचं डोकंच फिरायचं.

पवनानगरचा सत्यम आला, तेव्हा त्याचे वडील अंबाजी जाऊन आठ दिवस झाले होते. शेतातून येऊन ओट्यावर बसले, ते उठलेच नाहीत. तेराव्याला फ्रेम हवी होती. घरात होता तो आधार कार्डावरचा फोटो, आणि त्यात अंबाजी पोलिसांनी धरून आणल्यासारखे दिसत होते. धड असा एकच होता. तीन महिन्यांपूर्वी सत्यमच्या बहिणीच्या, पिंकीच्या हळदीत चैतालीनंच काढलेला. अंबाजी खदाखदा हसताहेत आणि दोन्ही गाल पिवळेधमक.

"ताई, तेवढी हळद काढा," सत्यम म्हणाला. "तेराव्याला माझ्या कंपनीतले साहेब येणार. बरं नाही दिसत."

"निघेल," चैताली म्हणाली.

आधी तिनं लाइटरूममध्ये पिवळा रंग उतरवून पाहिला. हळद गेली, पण तिच्याबरोबर अंबाजींचा सावळा रंगही गेला आणि माणूस पिठात लोळल्यासारखा दिसायला लागला. मग तिनं फोटोशॉप उघडलं. मूळ फोटोवर एक कोरा थर टाकून कपाळाची, हनुवटीची कातडी जरा जरा उचलून गालांवर बसवायला घेतली. यात दोन दिवस गेले. दाढीचे खुंट, सुरकुत्या, डोळ्याखालचा तीळ, सगळं जागच्या जागी आलं. सदराही पांढराशुभ्र केला. मग खुर्चीत रेलून तिनं स्वतःच स्वतःची पाठ थोपटली. इतकं सफाईदार काम तिच्या हातून आजवर झालं नव्हतं.

बाराव्या दिवशी सत्यम आईला घेऊन आला. मुक्ताबाई स्क्रीनकडे नुसत्या बघत राहिल्या. त्या आता कौतुक करतील म्हणून चैतालीनं फोटो आणखी मोठा केला.

"माजा हात कुटं गेला?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"हात नव्हताच मावशी या फोटोत."

"गालावं हुता की! मीच लावली त्यास्नी हळद. नगं नगं म्हनत हुतं, म्या धरून चोपडली. पस्तीस वर्सांत चारचौगांत कदी हात लावला न्हवता."

चैतालीनं वरचा थर बंद केला आणि अंबाजी पुन्हा पिवळे झाले. डाव्या गालावर चार बोटं उमटली होती, त्यातलं एक आखूड. मुक्ताबाईंच्या हाताचं एक बोट अर्धंच होतं, ते तिला आत्ता दिसलं. दोन दिवस तिनं तो गाल ताटाएवढा मोठा करून पाहिला होता आणि तिला त्यात फक्त डाग दिसले होते. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"आई, लोक हसतील," सत्यम हळूच म्हणाला.

"हसू दे. त्येबी हसत्यातच की." मुक्ताबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "पिंकीचं लगीन झालं. आता विधवा बाईला हळद लावाय कोन बोलावतंय? ही शेवटचीच म्हन. ऱ्हाऊ दे ती."

सत्यमनं स्क्रीनवरच्या त्या चार बोटांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "ताई, हाच मोठ्यातला मोठा काढा."