दुसरा ब्रेक

मावशीच्या गाडीला दोन ब्रेक होते. एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि दुसरा तिच्या स्वतःच्या. ड्रायव्हिंग शिकवण्यात बाईची उभी हयात गेलेली, त्यामुळे समोर मांजर दिसायच्या आधीच तिचा पाय खाली गेलेला असे. तिच्या गाडीला आजवर एक ओरखडासुद्धा उठला नव्हता, आणि ही गोष्ट ती ओळख झाल्याझाल्या, कुणी न विचारता सांगून टाके.

म्हणूनच धाकट्या बहिणीनं हात टेकले तेव्हा आपली लेक मावशीच्या ताब्यात दिली. पोरगी भलतीच हुशार. मेडिकलच्या लेखी परीक्षेत तिनं भल्याभल्यांना मागे टाकलं होतं. तिला हव्या त्या कॉलेजात मुलाखतही घेत. ती तेवढी आता राहिली होती, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. परक्या माणसासमोर तोंड उघडायचं म्हटलं की पोरीला ब्रह्मांड आठवायचं. घरी पाहुणे आले की ही पुस्तक घेऊन गच्चीवर पसार. दुकानदारानं निळ्याऐवजी हिरवं पेन दिलं, तर वर्षभर हिरव्या शाईत लिहील पण परत द्यायला जायची नाही. घरात सगळे तिला ‘पुटपुट’च म्हणत. मुलाखतीत ती अशीच पुटपुटत बसली असती तर लेखी परीक्षेची सगळी मेहनत पाण्यात जाणार होती, आणि हे तिच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

“माझ्याकडे सोड तिला,” मावशी म्हणाली. “मी दगडालाही गाडी शिकवलीय.”

“माझ्या नवऱ्याबद्दल बोलतेयस ना?” बहीण म्हणाली.

मावशीनं युक्ती नामी काढली. पुटपुटचं शिकाऊ लायसन्स नुकतंच आलं होतं. तिला स्टिअरिंगवर बसवायचं आणि गाडी चालता चालता मुलाखत घ्यायची. नजर रस्त्यावर ठेवायची, म्हणजे कुणाच्या तोंडाकडे बघायला नको. मावशीच्या शिकवणीत पुढच्या पाळीचा शिकाऊ मागच्या सीटवर बसून आधीच्याचं बघत असे. त्या जागी होत्या वकीलबाई. कोर्टात त्या भल्याभल्यांची भंबेरी उडवत, पण लायसन्सच्या परीक्षेत दर खेपेला नापास होत. त्यामुळे राग कायम नाकावर. पोरीला परकं माणूस हवंच होतं, ते मावशीला आयतं मिळालं.

“बोल, डॉक्टरच का व्हायचंय तुला?” मावशीनं आवाज जाड करून विचारलं.

“मला... म्हणजे लोकांची...”

“सेवा करायचीय! छान. पुढे?”

“आणि मला विज्ञानाची...”

“आवड आहे. वा! आता हेच जरा ठसक्यात सांगायचं. पुढे वळ. आरसा बघितलास?”

असे रोज धडे चालले. मावशी बेहद्द खूश. घरी जाऊन बहिणीला म्हणाली, “पोरगी फाडफाड बोलायला लागलीय. तू मिठाई आणून ठेव.” पुटपुट तेव्हा दाराशी उभी होती. तिला काहीतरी सांगायचं होतं, पण तेवढ्यात दोघी बहिणी भलत्याच विषयावर गेल्या.

दुसऱ्या दिवशी मागच्या सीटवरून आवाज आला, “माझी हरकत आहे.”

“कशाला?” मावशी दचकली.

“तुम्ही साक्षीदाराच्या तोंडात शब्द घालताय. इतके दिवस ऐकतेय मी. मुलाखत तुम्ही घेताय आणि उत्तरंही तुम्हीच देताय. ही फक्त गाडी चालवतेय.”

“अहो, अडते ती! मी नुसता आधार देते.”

“अडत नाही, विचार करते. माझ्या बाबतीत तरी तुम्ही काय करता? मी ब्रेक दाबायच्या आत तुमचा पाय. मग परीक्षेत मी तुमच्या पायाची वाट बघत बसते आणि गाडी थेट खांबाकडे जाते!”

मावशी फणकारली. इतक्या वर्षांत कुणाची टाप नव्हती असं बोलायची. तिनं मदतीच्या आशेनं भाचीकडे पाहिलं, तर पोरगी ओठ दाबून हसत होती. मावशीला ते लागलं. पण बाई मनानं निर्मळ. भाजीबाजारापाशी तिनं गाडी कडेला घ्यायला लावली, इंजिन बंद करायला सांगितलं आणि दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले.

“डॉक्टरच का व्हायचंय तुला?” तिनं विचारलं, आणि तोंड मिटलं.

पोरगी गप्प. बाजूनं हातगाडी गेली, एक कुत्रा चाकाला हुंगून गेला. मावशीच्या घशाशी चार उत्तरं आली, एकापेक्षा एक सरस. तिनं ती कशीबशी गिळली. कपाळावर घाम आला. एवढा घाम तिला वकीलबाईंच्या हाती गाडी असतानाही येत नसे.

“मी सायकलवरून पडले होते, लहानपणी,” पुटपुट शेवटी म्हणाली. “डॉक्टरांनी विचारलं, कुठे दुखतंय? आई म्हणाली मनगट. तूही म्हणालीस मनगट. मग त्यांनी मनगटाचा एक्स-रे काढला. माझं कोपर दुखत होतं.”

“अगं, मग सांगायचं नाहीस?”

“सांगतच होते. तोवर एक्स-रे काढून झाला.”

मागून हसण्याचा आवाज आला आणि लगेच थांबला. पोरीचे कान लाल झाले होते, पण ती बोलत राहिली.

“माझ्यासारखे पुष्कळ असतील ना गं? ज्यांना वेळ लागतो. मला असं डॉक्टर व्हायचंय, की एकदा विचारलं की त्यांचं सांगून होईपर्यंत मी बसून राहीन.”

मावशीला कानकोंड्यासारखं झालं. इतकी वर्षं आपण या पोरीला जीव लावला, पण तिचं एक वाक्य कधी पुरतं ऐकलं नाही, हे तिला आत कुठेतरी टोचलं.

“उलटतपासणी नाही,” वकीलबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदरानं नाक पुसलं.

मुलाखतीच्या दिवशी मावशी कॉलेजच्या पायऱ्यांवर ताटकळत उभी होती. आत गेलेली पोरं एकेक करून बाहेर येत होती, पुटपुटचा पत्ता नव्हता. ती आली तेव्हा तिचा चेहरा असा होता की बरं झालं की वाईट, काही कळेना.

“मधल्या सरांनी विचारलं, पेशंट आपलं ऐकतच नसेल तर काय करशील? मी विचार करायला लागले. बराच वेळ गेला असेल, कारण त्यांना माझी दया आली. म्हणाले, ‘म्हणजे तू त्याला समजावून...’ आणि मी म्हटलं, ‘सर, थांबा. मला अजून बोलायचंय.’”

“असं म्हणालीस? त्यांच्या तोंडावर?”

“समोरच बसले होते.”

“अगं बाई! मग?”

“मग थांबले ते. आणि मी बोलले.”

“काय बोललीस?”

पोरगी आठवत उभी राहिली. मावशीचे डोळे भरून आले होते, पण ती मधे एक अक्षर बोलली नाही. निकाल लागायचा तो लागो. पोरीनं आपलं म्हणणं आपल्या तोंडानं मांडलं होतं, आणि ते मावशीला तिच्याच तोंडून, अगदी पहिल्यापासून ऐकायचं होतं.