उलटा बसलेला शिक्का

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. मूठ लाकडी, अंगावर एकच शब्द, 'तपासले', आणि स्वभाव जरा फटकळ. पंख्यांच्या कारखान्याच्या कचेरीत मी हेडक्लार्कबाईंच्या हाताखाली बावीस वर्षं काढली. रजेचा अर्ज आला की बाई तो नीट वाचायच्या, माझ्या तोंडावर 'हाः' करून श्वास सोडायच्या आणि मला दणकन आपटायच्या. साहेबांची सही त्यानंतर. माझ्याशिवाय बाईंनी कुणालाही फाटकाबाहेर पडू दिलं नाही. काय रुबाब होता माझा!

मग क्लाउडवरचं सॉफ्टवेअर आलं. ते बसवणारी बाईंसमोर वही उघडून बसली.

"अर्ज कोण तपासतं?"

"मी."

"तुम्ही रजेवर असलात तर?"

"भांडारपाल."

"स्वतःचा अर्ज स्वतः तपासलेला चालतो?"

"छे! भलतंच काय!" बाई ठसक्यात म्हणाल्या.

मी गालातल्या गालात हसलो. इतकी वर्षं त्यांच्या स्वतःच्या अर्जावर मला कोण आपटत होतं, सांगा बरं? पण सॉफ्टवेअरमध्ये गेलं ते बाईंनी सांगितलं तेच. माझी रवानगी खणात झाली, वाळलेल्या गोंदाच्या बाटलीशेजारी. आठ महिने कुणी विचारलं नाही. खोटं कशाला बोलू, फार वाईट वाटलं.

एका दुपारी बाईंच्या जावयाचा फोन आला. लेकीला दिवस भरायच्या आधीच कळा सुरू झाल्या होत्या. चारची बस चुकली असती तर दुसरी थेट उद्या. बाईंनी घाईघाईनं संगणकावर अर्ज भरला. स्वतःचा अर्ज म्हणून सॉफ्टवेअरनं तो भांडारपालांकडे पाठवला.

भांडारपाल धापा टाकत आले. "बाई, माझ्याकडे तपासायचं बटणच नाही! तुम्ही रजेवर गेलात की मगच येतं ते!"

"मग जा की रजेवर," साहेब म्हणाले.

"मंजुरीशिवाय कशी जाऊ?"

"अहो, तुम्ही गेल्याशिवाय मंजुरी कशी देऊ?"

सॉफ्टवेअरवाली फोनवर म्हणाली, दुरुस्ती उद्या सकाळी होईल. साडेतीन वाजले. सगळे म्हणाले, तशाच जा. बाईंचे डोळे भरून आले, पण पाय हलेना. "इतकी वर्षं कुणाला 'तपासले' झाल्याशिवाय सोडलं नाही हो. आज मीच कशी जाऊ?"

साहेबांनी डोक्याला हात लावला, बाईंकडून कागदावर दोन ओळी लिहून घेतल्या आणि माझा खण उघडला! शाईचं पॅड ठणठणीत कोरडं. साहेबांनी तोंड उघडून असा काही 'हाः' केला की मी गुदमरलोच. आणि धाड!

"साहेब, उलटा मारलात!"

"बाई, पळा आता!"

बाई पळाल्या. बस मिळाली. नात झाली.

परतल्यावर त्यांनी सॉफ्टवेअरवालीला बोलावलं आणि मान खाली घालून खरं काय ते सांगितलं. आता बाईंचा अर्ज थेट साहेबांकडे जातो आणि क्षणात मंजूर होतो. मला काम उरलेलं नाही. पण बाई रोज सकाळी खण उघडतात, माझ्यावर 'हाः' करतात, पुसतात आणि नातीचे फोटो दाखवतात.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या खणात माझ्यासारखा कुणी पडला असेल तर अधूनमधून त्याची विचारपूस करा. आणि हो, उचलाल तेव्हा आधी सरळ धरा.