हाजीच्या हवेलीतला खिळा

आमच्या शेकी गावाच्या वरच्या अंगाला, गुर्जाना नदीच्या काठावर हाजी इमामवेर्दीची हवेली उभी आहे. उभी आहे म्हणायचं आपलं. ती कधीचीच खाली बसायला निघालीय, धड जागा सापडत नाही म्हणून थांबलीय, असं आमच्या चहाखान्यात म्हणतात. शेकीचा माणूस मयताला गेला तरी तिथे एखादा विनोद ठेवूनच परततो, त्याला कोण काय करणार? पण दिवे लागायच्या वेळी त्या वाटेने जायची पाळी आली की हेच विनोदवीर पूल ओलांडतात आणि पलीकडच्या काठाने घरी जातात.

हाजी रेशमाचा बडा व्यापारी. त्याचा माल मार्सेलला जाई, मॉस्कोला जाई, आणि तिकडून पैसा नुसता ओघाने येई. एवढा पैसा असून घराला जागा कुठली निवडावी? तर नेमकी लोंढ्याची. इथे डोंगरातून चिखलधोंड्यांचा लोंढा उतरतो आणि वाटेत येईल ते घेऊन जातो, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. म्हाताऱ्यांनी हात जोडून सांगितलं, हाजी, ही नदीची वाट आहे. हाजी म्हणाला, मग नदीने वाट बदलावी. नदीने बदललीही. वरून जायची ती जमिनीखालून जाऊ लागली, आणि हवेलीचा पाया आतून ओलाच राहिला.

घर मात्र बांधलं असं की पाहत राहावं. नदीतल्या गोट्यांच्या भिंती, त्यात लाल विटांचे पट्टे, आणि भूकंपात भिंत डुलावी पण पडू नये म्हणून मधे आडवे वासे. फाटकाला वाजवायच्या दोन कड्या, पुरुषांची जड आवाजाची, बायकांची हलक्या. वरच्या दिवाणखान्यात चुन्यात कोरलेली शेकोटी, छतावर डाळिंबं आणि पोपट रंगवलेले. आणि नदीकडची अख्खी भिंत म्हणजे एकच खिडकी, शेबेक्याची, म्हणजे लाकडाच्या बारीक तुकड्यांची जाळी आणि त्यात रंगीत काचा. सकाळी ऊन आलं की गालिच्यावर लाल-निळं-पिवळं सांडायचं. हाजीला ते फार दिवस पाहता आलं नाही. नवं सरकार आलं, एका सकाळी चार शिपाई आले, आणि हाजी अर्धा चहा तसाच ठेवून गेला तो गेलाच. मग तिथे रेशमाच्या कोशांचं कोठार झालं, मग शाळा, मग काहीच नाही. छतावरचे पोपट ओल खाऊन काळे पडले.

तो शेबेके केला होता उस्ता मेहरालीने; कसबी कारागिराला आम्ही उस्ता म्हणतो. आणि त्याचा नातू उस्ता आगासफ, म्हणजे ज्याची ही गोष्ट आहे, तो आमच्याकडचा आता शेवटचाच शेबेकेवाला म्हणायचा. हात सोन्याचा, डोकं मात्र तव्यासारखं, लगेच तापणारं. त्याच्या घराण्यात एक गोष्ट धर्मासारखी पाळत आलेले. शेबेक्यात खिळा नाही आणि चिकटवायला सरस नाही. लाकडाने लाकडाला धरायचं, लाकडानेच काचेला. ज्याने शेबेक्यात खिळा ठोकला त्याचा हात बाटला, त्याने पुन्हा रंध्याला शिवू नये.

आता मेहरालीचं असं झालं होतं की, हवेलीत कोशांचं कोठार होतं त्या काळात त्याने एकाएकी काम सोडलं. उरलेला जन्म गोठ्यांची दारं करत काढला. का, तर कुणाला बोलला नाही. आणि गावात कुजबुज अशी की हाजीच्या खिडकीत मेहरालीने खिळा मारलाय. ही कुजबुज जिवंत ठेवायचं काम खानलार हलवाई इमानेइतबारे करी. त्याची आजी त्या कोठारात कोश निवडायला होती, तिने म्हणे डोळ्यांनी पाहिलेलं. आगासफ चहाखान्यात शिरला की खानलार खडीसाखर दाताखाली धरून विचारी, "काय उस्ता, माझ्या हलव्यात खिळा निघाला तर मी दुकान बंद करीन. तुमच्या खिडकीचं काय ते बोला." लोक हसत. आगासफ एकदा त्याच्या अंगावर धावूनही गेला होता.

गेल्या हिवाळ्यात हवेलीची मागची भिंत फाटली. बर्फ वितळलं की ही राहत नाही, हे उघड होतं. संग्रहालयाने आगासफला सांगितलं, खिडकी अखंड काढून आणा, आम्ही मांडतो. त्याला त्यात दुसरंच दिसत होतं. त्याला मुलगा नाही. एकुलती मुलगी झरनिगार बाकू शहरातल्या दवाखान्यातली नोकरी सोडून वर्षापूर्वी परत आली होती, बापाचं काम शिकायला. हात बापासारखा, डोकं आईसारखं थंड. पण तिचं मन अजून पक्कं झालं नव्हतं. ही खिडकी माझ्यासोबत उतरव, मग ठरव, असं त्याने तिला सांगितलं होतं. ती खिडकी सगळ्या गावासमोर बिनखिळ्याची मांडायची आणि तिच्याशेजारी झरनिगारला उभं करायचं, एवढी एकच इच्छा उरली होती त्याची.

काम सुरू करायला दिवस मिळाला तो नोव्रूझच्या, म्हणजे आमच्या वसंतातल्या नव्या वर्षाच्या, आधीच्या चार मंगळवारांतला वाऱ्याचा मंगळवार. बायको, नुबार, सकाळपासून कुरकुरत होती. म्हणाली, अहो, आज नका जाऊ, आज वारा जागा होतो. हा म्हणाला, वारा जागा होतो तर मी काय झोपून राहू? तिने दोघांवरून रानबियांची धुरी ओवाळली, दृष्ट काढली. ती विझली लगेच. नुबारने ती पुन्हा पेटवली नाही, हे झरनिगारने पाहिलं.

हवेलीत शिरताना झरनिगारने सवयीने बायकांची कडी वाजवली. आतून कुणी येणार नव्हतं, तरी दोघंही क्षणभर थांबले. वर गेले. दिवाणखान्यात ऊन आलं होतं आणि जमिनीवर सगळे रंग पडले होते, पण वाकडे, एका अंगाला घसरलेले. घरच तेवढं कललं होतं. मधली जाडजूड तुळई खिडकीच्या मधल्या खांबावर येऊन टेकली होती आणि तिच्यातून मधूनच हलका आवाज येई, म्हाताऱ्याने कूस बदलताना कण्हावं तसा.

झरनिगार म्हणाली, "बाबा, आधी तुळईला टेकू देऊ या."

तो म्हणाला, टेकूला लाकूड आणेपर्यंत दिवस जाईल, आधी जोड तपासून घेतो. खांबाच्या माथ्याशी लाकडाच्या भुशाचा आणि मेणाचा लेप होता, रंग देऊन बेमालूम केलेला. दुसऱ्या कुणाला दिसलाही नसता. आगासफने नखाने खरवडला. खाली काळं, गोल, लोखंडी डोकं.

तो शिडीवरच बसला. एवढी वर्षं ज्याच्यासाठी भांडला, मारामारीला उतरला, ते खरं होतं. खांबातून आरपार तुळईत गेलेला हातभर खिळा, आणि ठोकणारा त्याचा सख्खा आजोबा. लाज वाटली त्याला, आणि लाजेच्या मागोमाग संताप आला. उद्या संग्रहालयाची माणसं येणार. खानलार तर हलव्याचं ताट घेऊन येईल, वाटायला.

झरनिगारने खालून पाहिलं. तिने शांतपणे सांगितलं की राहू दे, खिळा आहे तर काहीतरी धरून असेल, आपण लोकांना सांगू आहे म्हणून. एवढं ऐकल्यावर तर त्याचं डोकं फिरलंच. आहे म्हणून सांगू? त्याने पहार मागितली. तिने दिली नाही. त्याने स्वतः उतरून घेतली, वर चढला, आणि दात-ओठ खात खिळा उपसायला लागला. दुसरा कुणी सुतार असता तर त्याने खिळा पाहिला, मान डोलावली आणि पुढचं काम धरलं असतं. पण शेबेकेवाल्याच्या डोळ्यांत तो खिळा म्हणजे डोळ्यातलं कुसळ, काढल्याशिवाय चैन नाही.

खिळा निघाला. काहीच झालं नाही. आगासफने तो खाली फेकला आणि बऱ्याच दिवसांनी मोकळा हसला. म्हणाला, बघ, गेला, कुणाला कळणार पण नाही.

मग तुळईचं कण्हणं थांबलं. घर एकदम गप्प झालं, आणि ते गप्प होणंच भयंकर होतं. खांबाचा माथा हळूच नदीकडे सरकला. आगासफने काही विचार न करता हात घालून तो धरला, आणि तुळई खाली बसली ती त्याच्या उजव्या हाताच्या बोटांवर. छतातून डाळिंबं-पोपटांचे पापुद्रे झरायला लागले. तो ओरडलाही नाही. "जा," एवढंच म्हणाला. "खाली जा, आईकडे जा."

झरनिगार गेली नाही. तिने जमिनीवरचा खिळा उचलला, हातोडा घेतला, दुसरी शिडी लावून वर आली. जुनं भोक फाटून रुंद झालं होतं, त्यात खिळा डगमगत होता. खांब आणखी बोटभर सरकला.

"बाबा, कुठे मारू?"

आगासफला ठाऊक होतं कुठे. खांबाला भिडून मेहरालीने कोरलेली मोठी चांदणी होती, अख्ख्या खिडकीचं काळीज. तिच्या मागेच तेवढं भरीव लाकूड होतं. तिथून ठोकला तर खांब अडणार होता, आणि चांदणी फुटणार होती. आणि तेव्हा, बोटं चिरडत असताना, त्याला आजोबा दिसला. याच तुळईखाली बायका कोश निवडत बसल्यात, वर माळ्यावर माल ठासून भरलाय, आणि शिडीवर चढलेल्या म्हाताऱ्याला कळलंय की आता ही कोसळते.

"चांदणीतून," तो म्हणाला. "चांदणीतून मार, पोरी. जोरात मार."

तिने मारला. निळ्या काचा तिच्या केसांत पडल्या. दुसरा घाव, तिसरा, आणि खांब थांबला. मग तिने पहारीने तुळई जराशी उचलली, बापाचा हात सोडवला, आपल्या रुमालात गुंडाळला. दोघं फाटकाबाहेर येऊन रस्त्यात बसले. आगासफला रडू आवरेना, आणि ते हातासाठी नव्हतं.

तीन बोटं गेली. संग्रहालयाला निरोप गेला की खिडकी काढता येणार नाही, काढली तर घर पडेल. घर तरीही पडेलच, पण ते स्वतःच्या मर्जीने. आता त्या फाटकाला दोर बांधलाय आणि आम्ही पलीकडच्या काठानेही भरभर जातो.

नोव्रूझ झाल्यावर आगासफ चहाखान्यात आला. खानलारला काय बुद्धी झाली कोण जाणे, पण त्याने सवयीने विचारलंच, निघाला का खिळा म्हणून.

"निघाला," आगासफ म्हणाला. "माझ्या आजोबाने मारला होता. तुझी आजी कुठे बसायची रे कोश निवडायला?"

"खिडकीजवळ. मधल्या तुळईखाली."

"म्हणून तू इथे बसून चहा पितोयस."

खानलारने तोंडातली खडीसाखर काढून बशीत ठेवली. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

आगासफला वाटलं, आता मन हलकं झालं. घरी आला तो सरळ कामाच्या खोलीत गेला. झरनिगार बाकावर बसली होती, हात मांडीवर. समोर रंधा होता, अक्रोडाचा तुकडा होता, दोन्हींना तिने हात लावला नव्हता. त्या मंगळवारपासून लावलाच नव्हता. बाकूच्या बसची वेळ तिने आईला विचारली होती, हे त्याला सकाळीच कळलं होतं.

तो तिच्याशेजारी बसला. आजोबाला कुणी सांगितलं नाही ते आपण हिला सांगायचं, हे त्याने वाटेतच ठरवलं होतं. तो म्हणाला की खिळा मारल्याने कुणाचा हात बाटत नाही, मी चुकीचं शिकत आलो आणि तुलाही चुकीचं शिकवलं. तू मला वाचवलंस. रंधा घे.

झरनिगारने त्याच्या पट्टी बांधलेल्या हाताकडे पाहिलं.

"मला हात बाटल्याचं काही नाही, बाबा," ती म्हणाली. "मी काढू नका म्हटलं होतं. मी खाली, त्याच तुळईखाली उभी होते, तुम्हाला दिसत होते. तरी काढलात."

बाहेर वारा सुटला होता. नदीकडून, हवेलीच्या बाजूने, तो कण्हण्याचा आवाज पुन्हा आला, आणि दोघंही मान न वळवता तो थांबायची वाट पाहत बसून राहिले.